तो नेहमी दगडच काढायचा

हॉस्पिटलच्या कॉफी मशीनमध्ये दुधाच्या कॉफीचा एकच कप उरला होता, आणि बटणावर दोन बोटं एकदमच पडली – एक माझं, एक त्याचं.

"कात्री-दगड-कागद?" त्यानं विचारलं. आमच्या कोरियातल्या जनजू शहरात असल्या तंट्यांचा निकाल असाच लागतो, माणूस सहा वर्षांचा असो की साठ.

त्यानं मूठ पुढे केली – दगड. मी पंजा उघडला – कागद. कागदानं दगड झाकला, कॉफी माझी!

"मी हानग्योल," तो हसत म्हणाला. "वरच्या मजल्यावर लहान मुलांचे हात हलते करतो. तुम्ही?"

"मी यंसो. खाली मेंदूचे स्कॅन काढते."

"बाप रे! म्हणजे मनातलं कळतं तुम्हाला?"

"मनातलं नाही हो... हात हलवताना मेंदू कुठे उजळतो, तेवढंच."

"मग वाचलो," तो म्हणाला. आणि उगाचच माझे कान तापले.

मग रोज तीन वाजता तेच मशीन, तोच खेळ. रोज त्याचा दगड, रोज माझा कागद.

"दुसरं काही येतच नाही का तुम्हाला?"

"नाही ना!"

"अहो, सांगून हरताय!"

"तुम्ही जिंकल्यावर डोळे मिटून हसता... मग हरायला काय जातंय?"

वेडा आहे झालं, असं मी मनाशी म्हणायचे. पण पावणेतीनपासून माझं लक्ष घड्याळाकडेच असायचं.

त्याची एक पेशंट होती, सात वर्षांची दाओन. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या उजव्या बाजूला झालेल्या जखमेमुळे. डावा हात कायम मुठीत आवळलेला. डाव्या हाताला काम करावंच लागावं, म्हणून तो रोज काही तास तिचा धडधाकट उजवा हात जाड हातमोज्यात बांधून ठेवायचा. ती रडायची, ते बघून तिची आई रडायची. तीन महिने असेच गेले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "आजच्या स्कॅनमध्ये फरक दिसला नाही, तर हे थांबवू. पोरीचे हाल पुरे झाले."

मी दाओनला मशीनच्या फळीवर झोपवलं आणि पट्टे लावले. "चांदणी दिसली की डावी बोटं उघडायची, चंद्र दिसला की मूठ. बाकी अजिबात हलायचं नाही हं."

"मावशी, आज मी सरांना हरवणार!"

"त्यात काय मोठंसं? तुझे सर रोजच हरतात."

"माझ्याशी नाही! माझ्या डाव्या हाताला दगडच येतो ना... म्हणून सर म्हणाले, तू दुसरं काही काढेपर्यंत मीपण फक्त दगडच. सगळ्यांशी! आमची रोज बरोबरी होते."

पट्ट्यावरचा माझा हात तिथेच थांबला. तीन महिने मी ज्याला चिडवत होते, तो एका मुलीसाठी आनंदानं हरत होता. तो मला किती आवडतो, ते त्या क्षणी मला कळलं.

स्कॅन झाला. पडद्यावर चित्र उमटेपर्यंत हानग्योल माझ्या खुर्चीमागे श्वास रोखून उभा होता. तीन महिन्यांपूर्वी डावा हात हलवायला सांगितलं, तर मेंदूच्या भलत्याच बाजूला उजेड पडला होता. उजवी बाजू, जिथून हा हात चालायला हवा, ती पार काळी होती.

आज त्याच काळोखात, जुन्या जखमेच्या अगदी कडेला, तांदळाएवढा एक ठिपका उजळला होता.

मी हजारो मेंदू पाहिलेत. पण एवढीशी पोर रडत, हट्टानं स्वतःच्या डोक्यात नवी वाट पाडते... माझ्या अंगावर काटा आला. मी नुसतं बोट दाखवलं. शेजारी उभ्या डॉक्टरांनी वाकून तो ठिपका पाहिला. "थांबवायचं नाही," ते हळूच म्हणाले.

बाहेर येताच दाओननं फर्मान सोडलं, "सर, खेळा!"

त्यानं दगड काढला. तिची मूठ थरथरली. एक बोट... दुसरं... मग तिसरं. वाकडातिकडा, अर्धाच उघडलेला कागद!

"हरलात!" ती किंचाळली. तो मटकन जमिनीवर बसला आणि एकाच वेळी हसू-रडू लागला. तिची आई त्या तीन बोटांवरून पुन्हापुन्हा हात फिरवत होती.

तीन वाजता आम्ही कॉफीच्या मशीनपाशी भेटलो. त्याचे डोळे अजून लाल होते.

"खेळायचं?" मी विचारलं. आता तो दगडातून सुटला होता. माझा कागद त्याला पाठ होता, म्हणजे तो कात्री काढणार हे उघड होतं. मी दगड काढला असता तर सहज जिंकले असते.

मी पंजा उघडला. त्याची कात्री.

"मुद्दाम हरलात?"

"तुम्ही किती दिवस हरलात? मग मी एक दिवस..."

तो अडखळत म्हणाला, "जिंकलो तर काय मागायचं, ते पहिल्या दिवशीच ठरवून ठेवलंय. कॉफी नको. मला... मला तुम्हाला नुसतं नावानं हाक मारायचीय."

"मग मार ना," मी म्हणाले.

"यंसो."

माझा पंजा अजून तसाच उघडा होता. त्यानं आपला हात त्यात ठेवला.