चेक इंजिनचा दिवा आणि सुलूताईचे बोंबील

जितेश आमच्या मोरव्याच्या घराच्या अंगणात पहिल्यांदा आला तो माझी गाडी विकत घ्यायला. त्यामुळे त्याच्याशी फटकून वागायचं हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

त्या पांढऱ्या गाडीवर मी बायकांना ड्रायव्हिंग शिकवायचे. रिक्षात बसतानाही जीव मुठीत धरणाऱ्या बायका माझ्या हाताखाली बिनधास्त स्टेशनपर्यंत जायला लागल्या होत्या. आणि मग समोर तो चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी एकदा बंद पडली की सुरूच होईना. गॅरेजवाल्याने एक सेन्सर बदलला, दिवा पुन्हा लागला, तेव्हा त्याने इंजिनच गेलं म्हणून हात वर केले. एक शिकाऊ बाई भर चौकात अडकून रडायला लागली, त्या दिवशी मी क्लास बंद केला.

"इकून टाक गं चांदणी," बाबा म्हणाले. "मामाच्या हापिसात जागा हाय."

मामाच्या ऑफिसात दिवसभर फायली सरकवायच्या, या विचारानेच मला रडू यायचं.

तर हा जितेश. मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला नवघरला. गणपतीला आईला गावी न्यायला त्याला गाडी हवी होती. भुरभुर पाऊस होता, त्याच्या भुवयांवर थेंब अडकले होते... आणि ते मला दिसत होते, याचाच मला राग येत होता. त्याने खिशातून काडेपेटीएवढा स्कॅनर काढला, स्टिअरिंगखाली खोचला आणि मोबाईलमध्ये बघितलं.

"पी झिरो थ्री फोर झिरो," त्याने बिघाडाचा कोड वाचला.

"म्हणजे इंजिन गेलं. माहितेय मला."

"नाही हो. म्हणजे कॅमशाफ्टचा निरोप कम्प्युटरला पोचत नाहीये."

मग त्याने समजावून सांगितलं. कॅमशाफ्ट हा इंजिनातला दांडा झडपा उघडतो, मिटतो. तो फिरत फिरत नेमका कुठे आलाय, हे सेन्सर कम्प्युटरला कळवतो. ते कळलं नाही की गाडी बंद पडते, नाहीतर सुरूच होत नाही. कोड फक्त निरोप येत नाही एवढंच सांगतो. सेन्सर बिघडलाय की वाटेतली वायर, ते आपण शोधायचं. सेन्सर तर नवा होता.

त्याने बॉनेट उघडलं. सेन्सरची वायर कुरतडलेली होती आणि शेजारी सुक्या बोंबलाचं शेपूट पडलेलं होतं.

"गाडीत बोंबील ठेवता का तुम्ही?"

मी कपाळावर हात मारला. उत्तनची सुलूताई, माझी विद्यार्थिनी, दर क्लासला मायेने बोंबलांची जुडी आणायची आणि मी ती डिकीत टाकून विसरायचे. उंदरांची चंगळ झाली होती. ते शेपूट हातात धरून मी पोट धरून हसले.

त्याने वायर जोडली, टेप गुंडाळली, कोड पुसला. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. दिवा लागला नाही. इतकं हलकं वाटलं मला, की मी तिथेच पायरीवर बसले.

"गप्प राहिला असतात तर पडत्या भावात मिळाली असती," मी म्हटलं.

"हो ना... आता गाडी गेली हातची." त्याची नजर फाटकावरच्या माझ्या क्लासच्या पाटीकडे गेली. "तसंही मला चालवता येत नाही. घेतल्यावर शिकणार होतो. शिकवाल?"

पाटीवर 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलं होतं. पण बाबाच म्हणाले की त्याने एवढं केलंय, तर शिकव.

क्लास पुन्हा सुरू झाला, पण इतका ढ विद्यार्थी मी पाहिला नव्हता. क्लच सोडला की गचका. गिअर टाकताना त्याचा हात हमखास माझ्या हाताला लागायचा आणि मग तो 'सॉरी मॅडम' म्हणायचा. मॅडमचं 'चांदणी' कधी झालं आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी, कळलंच नाही. कळत होतं ते एकच – हा शिकला की जाणार. एरवी सगळ्यांना रागावणारी मी, याला मात्र गाडी येऊ नये असं मनात म्हणायचे.

एका संध्याकाळी उत्तनच्या चढावर पुढचा टेम्पो मागे घसरायला लागला. मी ओरडायच्या आत जितेशने रिव्हर्स टाकला, आरसा बघितला आणि एका दमात गाडी मागे घेऊन कडेला नेमकी लावली. गचका नाही, काही नाही.

वायपर तेवढे चालू होते.

"लायसन्स दाखव," मी म्हटलं.

त्याने पाकिटातून काढलं. कोपरे झिजलेलं, जुनं.

"गाडीबद्दल खरं बोललास. आणि स्वतःबद्दल खोटं?"

"गाडी तर मिळाली नाही... मग परत यायला दुसरं काय कारण सांगणार होतो?" तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "आवडतेस तू मला. ते शेपूट धरून हसलीस ना, तेव्हापासून."

मी राग शोधला, सापडला नाही. हा शिकून निघून जाईल म्हणून इतके दिवस माझा जीव टांगणीला, आणि हा तर शिकूनच आला होता.

"मलाही आवडतोस तू," मी म्हटलं. "पण शिक्षा होणार. गणपतीला आईंना गावी याच गाडीने न्यायचं. आणि चालवणार मी."

"आणि मी?"

मी मागच्या सीटवरची सुलूताईची आजची जुडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"तू उंदरांवर लक्ष ठेव. आता ऊठ, माझी सीट दे."