टेपवरचा दुसरा आवाज

सोलापुरात सात रस्त्याला टांग्यातून उतरताना विद्यापीठाचा टेपरेकॉर्डर माझ्या हातातून निसटला... आणि समोरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एक जण धावत आला.

“पडला व्हय? आना हितं. रडू नका की!”

“मी रडत नाहीये,” मी रडतच म्हणाले.

चन्नवीर त्याचं नाव. तासाभरात त्यानं यंत्र सुरू करून दिलं. मी मात्र त्याच्या बोलण्यावरच खूश! अगदी असंच सोलापुरी बोलणारा माणूस मला एम.ए.च्या प्रबंधासाठी हवा होता. हसरे डोळे प्रबंधात बसत नव्हते, पण हरकत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी शब्दांची यादी घेऊन मी त्याच्या घरी हजर. त्याच्या आईनं, सावित्रम्मांनी, चहा ठेवला.

“म्हणा, ताट. आता, ताठ.”

“ह्यानं हुतंय काय, महानंदाबाई?”

“एक आवाज बदलला की अर्थ बदलला. म्हणजे ट आणि ठ भाषेत वेगळे. पण तुम्ही ‘तुमी’ म्हणता, मी ‘तुम्ही’, तरी अर्थ तोच. तो नुसता बोलण्यातला फरक.”

“मग तुमी अन् मी... येगळं का एकच?”

मी यादीत डोकं खुपसलं. कान नुसते तापले होते!

गंमत म्हणजे, बटण दाबलं की हाच माणूस पाठ ताठ करून बातम्या दिल्यासारखा बोलायचा. “आपण कोठे निघाला आहात?” सावित्रम्मा तोंडाला पदर लावून हसायच्या. मलाही कळत होतं... पण रोज समोर बसायला मिळत होतं ना!

मग मी पाठवलेली टेप ऐकून पुण्याहून प्रबंधाच्या सरांचं पत्र आलं. ‘टेपवर सोलापूरचा माणूस नाही, निवेदक आहे. शनिवारी नवी टेप द्या, नाहीतर यंदाची परीक्षा विसरा.’ ते मी चन्नवीरला वाचून दाखवलं. यंदा पास झाले नाही तर शिक्षण बंद आणि लग्न, असं माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आमच्या माळशिरसहून बजावलं होतं.

शुक्रवारी चारची गाडी होती. दुपारी मी यादी बाजूला ठेवली. जीव घाबरल्याचा प्रसंग विचारला की माणूस भाषा सांभाळायचं विसरतो, असं सर शिकवायचे. मी बटण दाबलं.

“तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?”

तो हळूच म्हणाला, “आत्ता.”

“म्हणजे?”

“तुमी चारला जानार. कालधरनं भाकर ग्वाड लागंना. तुमच्या फुडं चांगलं बोलावं म्हनून पेपर वाचून घोकत हुतो मी, अन् त्यानंच तुमचं नुकसान केलं... लई आवडता तुमी मला! आता आलं हे टेपवर. पुसा नायतर ठिवा!”

माझं पुण्यात कमावलेलं शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळालं.

“पुसू कशाला? मला बी जाऊ वाटंना की!”

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. आम्ही दोघंही हसत सुटलो.

दुसरी टेप नव्हतीच, तीच सरांना दिली. आठवडाभर जीव टांगणीला! मग टेपसोबतचा माहितीचा कागद परत आला, वर सरांचा शेरा – ‘उत्कृष्ट नमुना. पण ‘जाऊ वाटंना’ म्हणणारा दुसरा आवाज कोणाचा? पूर्ण नाव लिहा.’

मी पेन उचललं. ‘महानंदा’ लिहिलं... आणि त्यापुढे, अप्पांना अजून काहीच माहीत नसताना, ‘चन्नवीर’ लिहून टाकलं.