सवतीची प्रत

मेंदूत चिप बसवलेली माणसं सकाळी पहिली दोन मिनिटं बोलत नाहीत, हे आता सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. झोपेत चिपची वीज बंद होते आणि ती कोरी होते. सकाळी उशाशी ठेवलेल्या साठवणीच्या डबीतून कालपर्यंतच्या आठवणींची प्रत तिच्यात उतरते, मगच माणूस भानावर येतो.

त्या मंगळवारी श्रीनिवासराव भानावर आले आणि बायकोला म्हणाले, "बाई, आपण कोण? सुमित्रा कुठंय?"

हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. सुमित्रा! मरून अकरा वर्षं झाली तरी बया घर सोडत नव्हती. आमटी केली की "सुमित्रा आमसूल घालायची". साडी नेसली की "हा रंग सुमित्राचा". जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात, मेलेलीचं काय करायचं?

केंद्रात मंजिरी दांडेकर या चिपतज्ज्ञ मुलीनं साठवण तपासली.

"काकू, प्रत घेण्याआधी चिप पडताळा करते. सगळ्या आठवणींची मिळून एक बेरीज असते. ती जुळली नाही, तर चिप ती प्रत नाकारते आणि बसवली त्या दिवशीची राखीव प्रत उघडते. तेव्हा सुमित्राबाई होत्या, तुम्ही नव्हता. कुणीतरी आतलं काढून टाकलंय."

हेमलता पदराचं टोक पिळत राहिली. "मीच काढवून घेतलं गं, एका दुकानात. फक्त तिला. बाकी कश्शाला हात लावला नाही."

"आणि बेरीज?"

"मला मेलीला काय ठाऊक बेरीज असते ते! आता नवी लिही की."

"नाही चालणार. सुमित्राबाईंबरोबर बाकीचंही उसवलंय, अगदी त्या दोघांच्या मुलीचा जन्मसुद्धा. राखीव प्रतीतल्या सुमित्राबाई काढून इथं जोडाव्या लागतील. त्या गेल्याची नोंद मी घालीन. पण काकू, या सुमित्राबाई विटलेल्या नाहीत. काकांचं प्रेम तेव्हा होतं तसंच ताजं येईल."

म्हणजे इतकी वर्षं काळ आपल्याच बाजूनं झिजवत होता तिला! हेमलताला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. काचेपलीकडे श्रीनिवासराव परक्या घरी आल्यासारखे अवघडून बसले होते.

"जोड," ती म्हणाली. "मला 'बाई' म्हणतात गं ते."

बुधवारी सकाळी त्यांनी डोळे उघडले. "हेमा," म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि त्यांना हुंदका फुटला.

"सुमित्रा कालच गेली असं वाटतंय गं."

हेमलतानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिली. हे प्रेम पुन्हा विटायला वर्षं लागणार होती, आणि तिला परवाच सत्तरावं लागलं होतं.