ओटिलीच्या शेजारची जागा

साहेब, त्या बाईला तुम्ही दुसऱ्यांदा मारायला निघाला होतात. गरम खोलीत बसून ठरवलंत, की ओटिली हार्ब्रेख्टला आता कोणी ओळखत नाही, मग शहराने तिची कबर कशाला सांभाळायची? चिकटवलात पिवळा कागद तिच्या दगडावर. मुदत संपली, हिवाळ्याआधी जागा मोकळी होणार! तिथे येऊन तरी पाहिलंत का कधी?

बर्लिनमधल्या आमच्या या दफनभूमीत थोरामोठ्यांची दाटी आहे. घंटा ओतणारा कारागीर, देवीची लस घेऊन खेडोपाडी हिंडलेला डॉक्टर, जिच्या गाण्यासाठी घोडागाड्या वाटेत थांबत ती गायिका... सगळे चेस्टनटच्या झाडांखाली शेजारी-शेजारी गप्प. आणि कोपऱ्यात ओटिली. दिवसा लोकांचे कपडे धुवायची आणि अंधार पडला की माळ्यावरच्या खिडकीतून चंद्र पाहून त्याचा नकाशा काढायची. वेधशाळेने तिला दारात उभं केलं नाही. नकाशा मात्र वापरला.

मी फाटकाशी फुलं विकते. रविवारी ओटिलीच्या फुलांना पाणी घालते. त्या रविवारी गेले, तर एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून तिच्या दगडावर पाणी ओततोय. तेही नळापाशी साखळी-कुलपात ठेवलेल्या माझ्या झारीने!

"झारी माझी आहे."

"कुलूप उघडं होतं," तो वळूनही न बघता म्हणाला.

"म्हणून घेतलीत? माझ्या घराचं दारही कधीकधी उघडं असतं."

"पत्ता सांगा, तेही बघू."

तोंड उघडलं होतं मी, चांगलं सुनावणार होते... पण तो म्हणाला, "थांबा. इकडे या. वाका जरा."

वाकले. आडव्या दगडावर कोरलेले बारीक खळगे मी दगडाची झीज समजत होते. इतकी वर्षं फुलं भिजवली, दगड कधी भिजवलाच नव्हता. खळग्यांत पाणी भरलं होतं. ढग सरकला, ऊन आलं — आणि गवतात, माझ्या पायाशी, चंद्र उगवला. तिच्या नकाशातले डोंगर, विवरं, काळे सपाट समुद्र, सगळं! धुण्याने सोललेल्या हातांनी या बाईने एवढं मोठं आकाश खाली आणलं होतं.

मी विचारलं, "तुम्ही... कोण?"

"टोर्बेन. भिंगं घासतो. पोटासाठी चष्म्यांची, जिवासाठी दुर्बिणीची." मग त्याची नजर पिवळ्या कागदावर गेली. "आणि हे कोणाचं?"

"अडाण्यांचं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तुमच्या कचेरीत होतो, साहेब. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नातेवाईक?"

"नाही," मी म्हणाले. "ओळखीची आहे ती माझ्या."

बाई हसल्या. "कबरीचं पालकत्व घेता येईल. दगड नीट करायचा, सांभाळायचा, आणि मेल्यावर जागा तिथेच. पण तिच्या शेजारी दोघांची जागा आहे. एकटीला देत नाही आम्ही. दुसरं कोण?"

माझं आहेच कोण? मागून आवाज आला, "दुसरा मी."

"नवरा-बायको?"

"छे हो," टोर्बेन म्हणाला, "अजून कॉफीसुद्धा घेतली नाही एकत्र."

मग घेतली. त्या दिवशी, आणि पुढच्या रविवारी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं कळलंही नाही. गुडघे टेकून दगडाच्या भेगा बुजवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची, आणि दोघंही फार मन लावून भेगेकडेच बघायचो...

नोव्हेंबरातला मृतांचा रविवार आला, गेलेल्यांची आठवण काढायचा. सगळ्या दफनभूमीत लोक आपापल्या माणसांच्या कबरी थंडीसाठी झाकत होते. आम्हीही ओटिलीवर देवदाराच्या फांद्या अंथरत होतो. टोर्बेन हळूच म्हणाला, "इम्के... उद्या मी येना शहराला चाललोय. मोठ्या दुर्बिणीचं काम मिळालंय. कायमचं."

माझ्या हातातली फांदी खाली पडली. "आणि ही जागा?"

"येईन ना मी."

"कधी? शवपेटीतून?"

तो हसला, मग हसू मावळलं. "इथल्या वेधशाळेनेही बोलावलंय. काम लहान आहे, पण... इम्के, थांब असं कोणी म्हणालंच नाही मला."

"एवढा मोठा चंद्र दिसतो तुला, आणि समोरची बाई दिसत नाही?"

त्याचे कान लाल झाले. देवदाराच्या चिकाने माखलेला त्याचा हात मी घट्ट धरला. आजूबाजूच्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. बघू देत!

"थांब, टोर्बेन. हे बघ, म्हणाले मी. आता तू बोल. मेल्यावर माझ्या शेजारी झोपणार, हे भर कचेरीत सांगून बसलास. तोवर कुठे राहणार आहेस? खाली काय बघतोस? माझ्याकडे बघ, आणि उत्तर दे!"