मशीनच्या पलीकडचा

त्या शनिवारी मी घरी जाऊन झोपणार होते. भर दुपारी, पडदे ओढून, फोन बंद करून. पण सोलजवळच्या सुवॉन स्टेशनच्या बाहेर पडले आणि पावसात मिसळलेला भुरभुरीत बर्फ सटासट तोंडावर आला. छत्री आदल्या दिवशी ऑफिसातच राहिलेली. समोर शिमकाकूंचं गेम सेंटर होतं… शिरले आत.

गेम तपासून जिचं पोट भरतं, तिनं सुट्टीच्या दिवशी पुन्हा गेमपाशीच जावं म्हणजे कमालच! पांग्योतल्या एका कंपनीत मी हेच करते. सोमवारी आमचा स्वतःचा राक्षस मारायचा गेम. मंगळवारी जपानहून आलेला शेतीचा, त्यात मुळे पेरायचे आणि शेजाऱ्याशी लग्न जमवायचं. बुधवारी भुतांची शाळा. गेम कुठलाही असो, माझं काम एकच – गेममधल्या भिंतींना धडका देत फिरायचं आणि कुठून आरपार जाता येतं ते शोधायचं. आठवडाभर नुसत्या धडका! हल्ली मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. राक्षस मेला काय, लग्न जमलं काय, मी आपली जांभया देत पुढची भिंत बघायची.

काकूंच्या दुकानात कोपऱ्यात एका जुन्या जपानी मारामारीच्या गेमची दोन मशीनं होती, पाठीला पाठ लावून उभी. आपण इकडे बसायचं, दुसऱ्यानं तिकडे. मध्ये पडदे, त्यामुळे तोंड दिसत नाही… आणि उठून डोकवायचं तर मुळीच नसतं. तो शुद्ध आगाऊपणा. मी बसले, नाणं टाकलं आणि छत्रीवाल्या म्हातारीला निवडलं. तिला कुणी घेत नाही. इतकी हळू चालते की समोरचा तिला दहा ठिकाणी हाणून जातो.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी बसलं. पडद्यावर मासे पकडायचं जाळं घेतलेला कोळी आला. मी त्याला लोळवला. पुन्हा नाणं, पुन्हा लोळवला.

"अहो, ही म्हातारी मुद्दाम घेतलीत का? माझा अपमान करायला?" पलीकडून आवाज आला. शेजारच्या ढोलाच्या मशीनवर दोन शाळकरी मुली जीव खाऊन बडवत होत्या, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं.

"का? म्हातारीत काय वाईट आहे?"

"चालते किती हळू!"

"मीही तशीच चालते. आमचं जमतं."

मग तो हसला. थकलेल्या माणसाचं हसणं ओळखू येतं, निदान मला तरी येतं. परमुलखात कुणी आपल्या गावचं निघावं तसं वाटलं मला.

"बाई आहात होय?"

"का? हरणं आता जास्त झोंबतंय?"

"नाही… उलट."

"उलट म्हणजे?"

"नाणं टाकतोय," तो घाईघाईनं म्हणाला. "खेळा, खेळा!"

पुढच्या शनिवारी मी झोपायला घरी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्याचं नाव मुयोल हे मला पडद्यावरून कळलं. माझं नाव त्यानं शिमकाकूंकडून काढलं. मशीनच्या खालच्या फटीतून त्याचे बूट दिसायचे, बस्स. एकदा वरून एक हात आला आणि माझ्यासमोर गरम कॉफीचा डबा ठेवून परत गेला. लांब बोटं, अंगठ्याला चिकटपट्टी. हातात असं काय असतं? पण तो आठवडा मी राक्षसाच्या गुहेत धडका देताना त्या हाताचाच विचार करत होते.

"बोमी, कॉफी गोड झाली का?"

"गोड आहे. पण म्हणून मी सोडणार नाही हं."

"सोडा म्हणतंय कोण? तुम्ही मारता तेव्हाच तर बरं वाटतं."

"अगं बाई! डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. तो म्हणाला, शनिवारपर्यंत थांबा."

मी एकटीच पडद्याकडे बघून हसत बसले. शिमकाकूंनी काउंटरवरून पाहिलं आणि डोळे मिचकावले. मेल्या काकू!

मार्चमध्ये एकदा मी विचारलं, "तुम्ही एवढं जीव तोडून का खेळता? माझ्यासारखी सवय जडली आहे, की दुसरं काही?"

"मेमध्ये योंगसानला या गेमची निवड स्पर्धा आहे. पहिल्या आठात आलो तर सोलच्या एका संघात जागा. पगार, राहायला खोली, सगळं."

"आणि नाही आलात तर?"

"तर वान्दो. बाबांची समुद्रात शेवाळाची शेती आहे, दोरांवर वाढवतात. त्यांनी सांगितलंय, हा वसंत तुझा. नंतर दोर ओढायला मला माणूस हवा." मग हसून म्हणाला, "निवडीला दोघंतिघं तुमची म्हातारी घेऊन येतात. मी दर वेळी तिच्याच हातून मरतो. आख्ख्या सुवॉनमध्ये तिला खेळवणाऱ्या तुम्ही एकट्या सापडलात."

वान्दो! देशाचं दक्षिण टोक. ज्याचा चेहरा आपण पाहिलाही नाही तो कुठे का जाईना, असं मी स्वतःला बजावलं. ते काही पटेना. त्याला निवडून यायलाच हवं होतं… आणि हे त्याच्यापेक्षा मलाच जास्त हवं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या बुटांवर चेरीच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. पहाटेपासून मासळी बाजारात पेट्या उतरवून तसाच आला होता. हात चालत नव्हता त्याचा. कोळी जाळं फेकायचा ते भलतीकडेच. मी जिंकत गेले. तो हरत गेला, बोलेनासा झाला. मग अगदी हळू म्हणाला, "माझं काही खरं नाही, बोमी."

ते ऐकलं आणि मला राहवेना. पुढच्या डावात त्यानं जाळं फेकलं. खाली, पायांवर. तिथे म्हातारीनं छत्री उघडायची असते, माझं बोट झोपेतही तिकडे जातं. मी बोट आवरलं. म्हातारी पडली. कोळी जिंकला!

मी वाट बघत राहिले… आता ओरडेल, आता हसेल. मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि तो मशीनला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

पहिल्यांदा पाहिलं मी त्याला. नाक जरासं वाकडं, डोळ्यांखाली काळं, केस मिठाच्या पाण्यानं ताठ झालेले. मी मनात रंगवला होता त्यापेक्षा कितीतरी साधा. आणि मला तो इतका आवडला, इतका, की मी वेड्यासारखी हसलेच.

तो हसला नाही.

"छत्री का उघडली नाहीत?"

"चुकले…"

"तिथे तुम्ही चुकत नाही. दया केलीत माझ्यावर."

"अहो, तुम्ही इतके दमला होता—"

"दमलोय. मेलो नाही. मित्र पाठ थोपटतात. आई फोनवर म्हणते, तूच जिंकणार. इथे येतो ते एवढ्यासाठीच की निदान एक माणूस मला मी कसा आहे ते दाखवतं. आता तुमच्यावरही विश्वास ठेवू नको का?"

त्यानं मान झुकवून रीतसर नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. आणि गेला. तो नमस्कार मला फार लागला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढच्या शनिवारी पलीकडचं स्टूल रिकामं होतं. त्याच्या पुढच्याही. मी एकटीच मशीनशी खेळून घरी जायची. ऑफिसात नवा गेम बाहेर पडायची वेळ आलेली. आम्ही जेवण टेबलावरच उरकायचो, एकमेकांकडे बघायलाही कुणाला त्राण नव्हतं. शेतीच्या गेममध्ये शेजाऱ्यानं माझ्या बाईला फुलं दिली, तर मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "काही बिघाड सापडला का?" मी म्हटलं, "हो, माझ्यात."

शेवटी शिमकाकूच भडकल्या. "किती दिवस असं तोंड करून बसणार आहेस, पोरी? माझ्या दुकानात माणसं हरतात, रडतात, बटणं फोडतात. सगळं चालतं. पण मुद्दाम हरणं म्हणजे समोरच्याला तू खेळायच्या लायकीचा नाहीस असं सांगणं. कळलं का?"

"कळलं हो काकू. पण सांगू कुणाला? तो येतच नाही."

"शनिवारी येत नाही. बुधवारी दुपारी येतो. एकटाच खेळतो आणि जाताना विचारतो, बोमी बरी आहे ना."

बुधवार! गेम बाहेर पडायच्या आठवड्यातला बुधवार!

टीमप्रमुखांपुढे उभी राहिले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "या आठवड्यात रजा? बोमी, तुझं लग्नबिग्न आहे की काय?"

"अजून काही ठरलं नाही," मी म्हटलं.

ते बघतच राहिले. पुढच्या बढतीवर पाणी सोडलं मी त्या क्षणी, पण रजा मिळाली.

बुधवारी मी आधीच जाऊन बसले. तो पलीकडे बसल्याचा आवाज आला. पडद्यावर त्याला छत्रीवाली दिसलीच असणार.

"मुयोल," मी म्हणाले, "माझं चुकलं. तू हरलास तर वान्दोला जाशील म्हणून घाबरले मी. तुला बरं वाटावं म्हणून नाही केलं, मलाच बरं वाटावं म्हणून केलं." बोलण्याच्या भरात मी अरे-तुरेवर आले होते, ते माझ्या लक्षातही आलं नाही. "आज सोडणार नाही. खेळतोस?"

पलीकडे मशीनमध्ये नाणं पडलं.

"मी वान्दोला गेलो तर तुला काय होणार आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी खेळ. बोलणं नंतर."

दुपारभर मी त्याला बडवला. जराही हात आखडता घेतला नाही. तो चिडला, ओरडला, मशीनच्या बाजूवर थाप मारली, काकूंची बोलणी खाल्ली… आणि मग मधूनच जिंकू लागला. प्रत्येक वेळी विचारायचा, "खरं ना?" आणि मी दात ओठ खात म्हणायची, "खरंच रे, दुष्टा!" इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला हरायचं नव्हतं. मनापासून नव्हतं.

निवडीच्या रविवारी मी आत गेले नाही. माझ्याच्यानं बघवलं नसतं. हॉलच्या बाहेर बसथांब्याच्या बाकावर माशाच्या गरम रश्श्याचे दोन पेले धरून बसले. लख्ख ऊन होतं, आणि मला बसल्या बसल्या डुलक्या येत होत्या.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चालण्यावरूनच कळलं. येऊन शेजारी बसला. पेला घेतला, प्याला नाही.

"म्हातारीला हरवलं," तो म्हणाला. "दोन्ही म्हाताऱ्यांना. मग एका शाळकरी मुलानं मला धुतला. साधा पहिलवान घेऊन! बोमी… अजून एक वर्ष थांबलो, बाबांच्या हातापाया पडलो, तर येईन का मी पहिल्या आठात? खरं सांग."

काय सांगणार होते मी? हो म्हटलं असतं तर तो राहिला असता. सुवॉनमध्येच, दर शनिवारी. एक शब्द पुरला असता.

"नाही," मी म्हणाले. "तू चांगला खेळतोस. पण तेवढा नाही."

तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. डोळे भरले होते, पण खांदे मात्र सैल झाले. कुणीतरी पेटी उतरवून घ्यावी तसे.

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "कुणी म्हणत नव्हतं एवढंच."

"अजून एक आहे. मला तू आवडतोस. फार. तू जाणार म्हणून रात्री नीट जेवण जात नाही मला."

त्यानं मान वळवली. "हे… मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?"

"तुला बरं वाटावं म्हणून 'नाही' म्हणाले का मी मघाशी?"

तो हसला. रडता रडता हसला. मग त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा अंगठा खरखरीत होता, माझाही.

"वान्दोला येशील? म्हणजे… बघायला तरी? आमच्याकडे काही नाही गं. गेम सेंटर तर नाहीच."

"भिंती आहेत?"

"घराला आहेत चार. बाकी सगळा समुद्र."

"मग येते. पण आधीच सांगून ठेवते, पहिले दोन दिवस मी नुसती झोपणार आहे. तुझ्या आईला काय सांगायचं ते तू बघ."

"सांगेन, हिनंच मला परत पाठवलं. आई तुला चार दिवस झोपू देईल."

आमची बस आली. मी उठायला गेले, तर त्यानं हात सोडला नाही. "ही जाऊ दे," म्हणाला. मी परत बसले, डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं आणि दुसऱ्या बसची वाट बघता बघता मला झोप लागली.