रोल नंबर अकराची तोंडी परीक्षा

रायपूरजवळ, उरल्याच्या रस्त्यावर, यशवंतराव सरांच्या फाटकापुढं, डोक्यावर ओढणी, तोंडावर मास्क आणि मध्ये दोन चिडलेले डोळे... भार्गवला ती पहिल्यांदा दिसली ती एवढीच. बाकी सगळी झाकलेली. पण डोळे असे, की मागून सळयांनी भरलेला ट्रक बोंबलत आला तरी पठ्ठ्या रस्त्यातून हलला नाही.

"गौतम ना तू?" ती म्हणाली. "वीस मिनिटं लेट! तिपाई आणली? दे इकडं."

भार्गव सांगणारच होता. की गौतमचा पाय मुरगळला, म्हणून त्याच्या बदल्यात कॅमेऱ्याची तिपाई घेऊन मी आलो, मी त्याचा शेजारी. "वो क्या है ना, मैं भा—"

"बरं झालं बाई तू आला! मले भेव होतं, तो भार्गव मुळे टपकते का काय. रोल नंबर अकरा. माहीत आहे ना? क्लास संपून राहिला, सर 'बाय' म्हणून राहिले, की याचा चॅटमध्ये मेसेज... 'सर, एक डाउट.' वर्षभर! दोनदा माझी भाजी करपली त्याच्या डाउटपायी. एकदा सामने भेटू दे..." तिनं तिपाईचा एक पाय खटकन उघडला.

भार्गवनं त्या पायाकडं पाहिलं. मग तिच्या डोळ्यांकडं.

"हव," तो म्हणाला. "गौतमच मैं."

आता तुम्ही म्हणाल, एका वर्गातली पोरं एकमेकांना ओळखत नाहीत, असं कुठं असतं? तर असतं. बिझनेस मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स, जुलै दोन हजार वीस ते जून दोन हजार एकवीस, सगळाच्या सगळा मोबाईलवर झालेला. साठ पोरं म्हणजे साठ काळे चौकोन. डेटा वाचवायचा म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद. भार्गवचा तर माइकही पहिल्या आठवड्यातच गेला होता. तो बोलायचा ते टाइप करून. पण ऐकायचा मात्र कान टवकारून, कारण प्रत्येक क्लासमध्ये सर कधी ना कधी म्हणायचे, "गंधाली, तू सांग." आणि मग तो आवाज यायचा. स्टीलच्या ताटलीत चिंचेची गोळी पडावी तसा, टणक आणि आंबटगोड.

फाटकापुढं "गौतम ना तू" ऐकताच त्यानं तो आवाज ओळखला होता. म्हणून तर पठ्ठ्या ट्रकलाही हलला नाही.

काम असं होतं. शनिवारी अकरा वाजता ऑनलाइन निरोप समारंभ. त्यात सगळ्या प्राध्यापकांच्या शुभेच्छांची एक फिल्म दाखवायची. आधी प्राध्यापकांनी आपापले व्हिडिओ करून पाठवले होते. एकात सात मिनिटं नुसता छताचा पंखा फिरत होता, आणि एकात सरांचं बोट. तेव्हा संचालकांनी गंधालीला नेमलं, की बाई, तूच घरोघर जा. आणि दुसरी आज्ञा अशी काढली, की शनिवारी साठही जणांनी कॅमेरा चालू ठेवायचाच. निदान जाताना तरी तोंडं पाहू एकमेकांची.

म्हणजे भार्गवकडं पाच दिवस होते. शनिवारी अकरा वाजता गौतमच्या चौकोनात गौतम दिसणार, भार्गवच्या चौकोनात भार्गव, आणि मग तिपाईचे तिन्ही पाय त्याच्या टाळक्यात. 'त्याच्या आधी मीच सांगायचं,' त्यानं ठरवलं. 'आजच. आत्ताच. सरांचं झालं की लगेच.'

यशवंतराव सर मार्केटिंग शिकवायचे. त्याआधी वीस वर्षं त्यांनी रोलिंग मिलचा माल विकला होता. ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "आधी हजेरी."

"सर, फिल्मसाठी आहे ते," गंधाली म्हणाली.

"हजेरीशिवाय मी आजवर शब्द बोललो नाही. रोल नंबर एक!"

सर कॅमेऱ्याकडं पाहून एकेक नाव घेत गेले. दहा झाले. मग, "रोल नंबर अकरा, भार्गव मुळे!"

"हज—" भार्गवच्या तोंडून निघालंच. त्यानं ते कसंबसं गिळलं, पण गिळताना ठसका लागला. आणि त्या दिवसांत ठसका म्हणजे काय होता! सर खुर्चीसकट मागं सरकले, गंधाली एका उडीत पायरीखाली, आणि सरांची बायको आतून वाफेचं मशीनच घेऊन धावली.

"धूळ... धूळ गेली, सर," भार्गव डोळे पुसत म्हणाला.

"मरो त्या मुळेचं नाव," गंधाली कुजबुजली. "घेतलं तरी माणूस आजारी पडते."

सर सावरले आणि कॅमेऱ्यापुढं हिंदीत बोलले, ते असं : पोरांनो, बाजार वाईट आहे, नोकऱ्या कमी आहेत, पण एक लक्षात ठेवा. मालावर लेबल खरं लावा. खोट्या लेबलाचा माल एकदा खपतो, दुसऱ्यांदा तोंडावर येऊन पडतो.

भार्गवला वाटलं, सर कॅमेऱ्याकडं नाही, आपल्याकडंच बघताहेत. आज सांगायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी वनमाला मॅडम. त्यांनी पाणी भरपूर प्या, वेळेवर झोपा एवढंच सांगितलं आणि दोघांना फणसाचे चिप्स बांधून दिले. तिसऱ्या दिवशी नवा रायपूर. अभिनव सर घरी नव्हे, रस्त्यावर भेटले. तिथले रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे, की सर मधोमध उभं राहून बोलले तरी कुणी हॉर्न मारला नाही. म्हणाले, "गोदामात ठेवलेला माल फुकट राहत नाही. रोज त्याचं भाडं चढतं. काढायचं ते वेळेत काढा."

"छान बोलले ना सर?" येताना गंधालीनं विचारलं. झिमझिम पाऊस लागला होता. दोघांच्या दोन स्कूटी, बाजूबाजूनं, सरकारी अंतर राखून.

"बहुत छान," भार्गव म्हणाला. "मतलब... जरा लागलं."

"तुले काय लागलं? तुझ्या गोदामात काय आहे असं?"

तो तिच्याकडं पाहत राहिला. पापणीवर एक थेंब अडकला होता तिच्या... "है कुछ," तो म्हणाला.

"अबे, सामने पाय, सामने! खड्डा आहे!"

खड्डा गेला, बोलणंही गेलं.

रोज काम झालं की दोघं ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, गंधालीच्या ओसरीवर बसायचे. ती एका टोकाला लॅपटॉपवर फिल्म जोडायची, तो दुसऱ्या टोकाला. तिचे वडील, नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन कप चहा मध्ये ठेवून "घे रे गौतम" म्हणायचे आणि आत जायचे. मास्क उतरवायचा म्हणून दोघं एकमेकांकडं पाठ करून चहा प्यायचे. त्या 'गौतम'वर भार्गवला चहा कडू लागायचा. बरं, गंधालीही गप्प बसायची नाही.

"त्या मुळेचे दातही पुढं असतील, पाय. असे प्रश्न विचारणाऱ्याचे असतेच."

"नसतील," तो मास्क घट्ट करत म्हणाला.

"तू काहून त्याची बाजू घेऊन राहिला? दोस्त आहे का तुझा?"

"बहुत जवळचा."

"मग सांग त्याले, की—" आणि ती एकदम थांबली. हसली. मास्कच्या वर फक्त डोळे हसले. "जाऊ दे. पण तू चांगला आहे, गौतम. तुझ्याशी बोललं ना, की वाटते, हे वर्ष अगदीच वाया नाही गेलं."

झालं! आता सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. घरी जाऊन त्यानं उशीला तीन गुद्दे मारले आणि ठरवलं, उद्या शुक्रवार. उद्या काहीही झालं तरी... आभाळ कोसळलं तरी.

शुक्रवारी उरल्या होत्या एकट्या मंदाकिनी मॅडम. फायनान्स शिकवायच्या. एप्रिलमध्ये त्यांचे यजमान गेले होते. दोनदा त्यांनी फोनवर नाही म्हटलं होतं, पण गंधाली नाही ऐकून परत जाणाऱ्यातली नव्हती. ती सरळ दाराशी जाऊन उभी राहिली.

"पोरी, 'सुखी राहा' म्हणायला माझं तोंड उघडत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग दुसरं म्हणा, मॅडम. रागवा आम्हाले. पण तुमच्याशिवाय मी फिल्म नाही पाठवत."

मॅडमनी चष्मा लावला. "ठीक आहे. पण आधी तोंडी परीक्षा. तुमच्या बॅचची तोंडी परीक्षा रद्द केली त्यांनी, मला पटलं नव्हतं. तो कॅमेरा त्या मुलाकडं फिरव."

गंधालीनं मोबाईल फिरवला. भार्गव खुर्चीवर बसला.

"नाव, रोल नंबर."

तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याच्यात आजवर कुणी नापास झालेलं नाही. भार्गवनं एकदा दाराकडं पाहिलं. पळता आलं असतं. मग त्यानं श्वास घेतला, मास्क खाली ओढला.

"भार्गव मुळे. रोल नंबर अकरा."

मोबाईल हलला. तिपाईला धरलेला हात हलल्याशिवाय मोबाईल हलत नसतो.

"अच्छा, डाउटवाले तुम्ही!" मॅडम म्हणाल्या. "वर्षभर शेवटच्या मिनिटाला प्रश्न. तेही उत्तर पुस्तकात असलेले. का?"

"क्योंकि..." तो थांबला. मग म्हणाला, मराठीतच म्हणाला, "कारण क्लास संपला की आवाज बंद व्हायचा, मॅडम. डाउट विचारला की सर म्हणायचे, गंधाली, तू सांग. आणखी पाच मिनिटं मिळायची. लॉकडाउनमध्ये माझ्या घरात सगळे नुसते आकडे ऐकायचे. किती आजारी, किती गेले. हा एकच आवाज होता, जो कुणाला तरी काही समजावून सांगत होता."

"आणि नाव खोटं सांगितलं ते माझं चुकलं," तो पुढं म्हणाला. "पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. घाबरलो."

"प्रामाणिकपणाला दहापैकी दहा," मॅडम म्हणाल्या, "वेळ पाळण्याला शून्य. जा."

गंधाली त्याच्याकडं पाहत नव्हती. "तिपाई राहू दे," ती म्हणाली. "तू जाय."

तो गेला.

शनिवारी अकरा वाजता साठ चौकोन उजळले. कुणाच्या मागं देव्हारा, कुणाच्या मागं वाळत घातलेली चादर. पोरं एकमेकांची तोंडं पाहून खिदळत होती. गंधालीच्या चौकोनात गंधाली होती, मास्कशिवाय, आणि भार्गवला श्वास घ्यायला जरा वेळ लागला. ती त्याच्याकडं बघते आहे की दुसऱ्या कुणाकडं, ते काही या यंत्रात कळत नाही.

फिल्म लागली. हजेरी, चिप्स, रुंद रस्ता. शेवटी मंदाकिनी मॅडम. हे त्यानं ऐकलं नव्हतं.

"मुलांनो," मॅडम म्हणाल्या, "एप्रिलमध्ये मला सगळं फोनवर सांगावं लागलं. दवाखान्यात आत सोडत नव्हते. अर्धं सांगून झालं, अर्धं राहिलं. तुम्ही मोठे व्यवहार कराल, कराच. पण महत्त्वाचं असेल ते फोनवर नका सांगू. चांगलं असो, वाईट असो, आपल्या पायांनी चालत जा आणि समोर उभं राहून सांगा. पाय चालताहेत तोवर. एवढंच."

टाळ्या झाल्या. भार्गवच्या चौकोनात मात्र रिकामी खुर्ची होती. तो स्कूटीवर बसलासुद्धा होता.

ब्राह्मणपाऱ्यात नाना ओसरीवरच होते.

"ये रे गौतम!"

"काका, मी गौतम नाही." त्यानं स्कूटी स्टँडवर लावलीही नाही, तशीच हातात धरून उभा राहिला. "मी भार्गव मुळे. चार दिवस तुमच्या घरी खोट्या नावानं चहा प्यालो. तुम्ही रागवा, मारा, पण मी माफी मागायला आलो."

नाना उठले. जवळ आले. चष्मा वर केला.

"डाउटवाला मुळे?"

"...हव."

"अरे पोट्ट्या!" नानांनी गंधालीला हाक मारली. "अवं, हा तं मुळे निघाला! वर्षभर मी आतून तुमचा क्लास ऐकून राहिलो. तुले माहीत नाही, याच्या डाउटपायीच तं मले शेअर बाजार समजला!"

"नाना, आत जा," गंधाली दारातून म्हणाली.

"जातो ना. पण तुझी ती सोन्याच्या बॉन्डची शंका, पोरा, ती—"

"नाना!"

नाना गेले. ती ओसरीच्या त्याच टोकाला बसली, त्याला दुसरं टोक दाखवलं आणि लॅपटॉप मध्ये सरकवला.

"मॅडमनं माझीबी तोंडी परीक्षा घेतली. तू गेल्यावर. फिल्ममधून मी ते कापलं. पाय."

पडद्यावर गंधाली होती, लाल डोळ्यांची. मॅडमचा आवाज : "खोट्या लेबलाचा माल निघाला. काय करशील?"

"परत करायचा, मॅडम."

"हे यशवंतरावांच्या वर्गातलं उत्तर झालं. तुझं सांग."

पडद्यावरची गंधाली म्हणाली, "मले लई राग आला आहे त्याचा. दोन दिवस राहील, चार दिवस राहील. मग उतरेल. पण मॅडम... तो आवडते, ते नाही उतरून राहिलं."

व्हिडिओ संपला.

"राग उतरला?" भार्गवनं विचारलं.

"नाही. अर्धा आहे अजून." ती सरकली. मग आणखी सरकली. सव्वा वर्षात घरच्यांशिवाय कुणी कुणाच्या इतक्या जवळ बसलं नव्हतं. "पुन्हा खोटं बोलशील?"

"नाही."

"मग सांग, काय सांगायले आला होता. समोर उभं राहून."

तो उभा राहिला. "मले तू आवडते, गंधाली. जुलैपासून. चेहरा आज पाहिला, पण आवडते जुलैपासून."

तिनं हात पुढं केला. भार्गवचा हात सवयीनं खिशातल्या सॅनिटायझरकडं गेला, त्यानं बाटली काढली, झाकण उघडलं...

"राहू दे ते," गंधाली म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला.

आत नानांनी टीव्हीचा आवाज वाढवला.