रुमाल टाकलेली बस

तपासनीस बाईंचा आकड्यांवर जीव होता आणि माणसांच्या रडगाण्यांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तर बस कंपनीने त्यांना डोंगरापलीकडच्या शेवटच्या गावी धाडलं. गाव आटत चाललेलं, तिथे जायला एकच रस्ता आणि रस्त्यावर एकच बस. ती रिकामी धावत असेल तर बंद करायची, आणि ते बाईंनी ठरवायचं होतं.

सकाळी त्या गावातूनच बसमध्ये चढल्या, तेव्हा आत जेमतेम दहा-बारा माणसं होती आणि सगळी उभी होती. बसायच्या प्रत्येक जागेवर रुमाल टाकलेला. काही चौकटीचे, काही धुऊन धुऊन विरलेले, पण सगळे स्वच्छ. प्रत्येकाच्या मधोमध खळगा पडला होता.

"जागा धरलेल्या दिसतात," बाई म्हणाल्या. "माणसं कुठायत?"

"आलीत की," कंडक्टर म्हणाला आणि त्याने घंटी वाजवली.

बाईंना हसू आलं. गावाची शक्कल नामी होती, पण त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं एवढं सोपं नव्हतं.

शेजारी एक आजी दांडा धरून उभ्या होत्या. कमरेला बिलगून नात, फिकट चेहऱ्याची. "हिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं," आजी म्हणाल्या. "बस गेली की आम्हाला गाव सोडावं लागेल. मग यांच्याकडे कोण बघणार?"

"यांच्याकडे म्हणजे?"

आजींनी नुसतं रुमालांकडे बघितलं.

चढ लागला तशी गाडी कण्हायला लागली. ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला. बाईंचा जन्म बसमध्ये गेला होता. मूठभर माणसांनी गाडी अशी दमत नाही, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळलं. खिडक्यांच्या काचा आतून वाफेने धुरकट झाल्या होत्या. बाईंनी वाकून आपल्या शाईचा डाग पडलेल्या रुमालाने एक काच पुसली. ती लगेच पुन्हा धुरकटली. त्या खिडकीशी कुणीच बसलेलं नव्हतं.

शहराच्या स्टँडवर बाई सगळ्यांत आधी उतरल्या आणि दाराशी उभ्या राहून मोजू लागल्या. एकेक माणूस उतरे, तशी पायरी लवे आणि गाडी जराशी वर येई. शेवटी आजी आणि नात उतरल्या. मागोमाग ड्रायव्हर आणि कंडक्टर चहाला गेले.

पायरी पुन्हा लवली.

गाडी जराशी वर आली.

पुन्हा लवली. पुन्हा. एकामागून एक, शांतपणे, धक्काबुक्की न करता.

बाई दोन पावलं मागे सरल्या. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कौतुकच जास्त वाटलं. एका आजारी पोरीसाठी अख्खं गाव रोज डोंगर उतरत होतं. हयात असलेली माणसं तरी एकमेकांसाठी एवढं करतात का? बाईंनी ऑफिसात जाऊन अहवाल दिला: बस भरून धावते, बंद करू नये. खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि आजही लिहिलं नाही.

ही बातमी आपल्याच तोंडाने सांगावी म्हणून दुपारच्या बसने त्या परत निघाल्या. ऐकून आजींचे डोळे भरून आले. कंडक्टरने हात जोडले. सगळ्या काचा एकदम धुरकटल्या.

घाम पुसायला बाईंनी पर्समध्ये हात घातला. रुमाल नव्हता.

तो समोरच होता. खिडकीजवळच्या सीटवर, चारी कोपरे सारखे करून पसरलेला. कडेचा शाईचा डाग तोच.

"तुमची जागा धरलीय," आजी मायेने म्हणाल्या. "एवढं केलंत आमच्यासाठी, त्यांना राहवलं नाही."

बाई नकळत त्या सीटकडे वळल्या. आजींनी पटकन त्यांचं मनगट धरलं.

"आत्ता नाही, बाई. घाई नाही काही."

बाई दांडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. चढ लागला, गाडी कण्हू लागली. बाकीच्या सगळ्या रुमालांना मधोमध खळगे पडले होते. त्यांचा तेवढा अजून सपाट होता.